हिराबाईंचे घराणे आणि हिराबाईंचे घर

हिरकणीवाडीत उभे राहून रायगडाकडे मान वर केली, की नजर कड्यावरून चढत चढत हिरकणीच्या बुरुजापाशी जाऊन थांबते. दूध विकावयास गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली वाडीत भुकेलेले तान्हे मूल, आणि कोणी माणूस उतरू शकणार नाही अशा कड्यावरून रातोरात उतरलेली ती आई. ही कथा आमच्या महाड-पोलादपूर भागात कोणाला सांगावी लागत नाही. ती आख्यायिका आहे, इतिहासाच्या कागदाने सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी एवढे खरे, की या मुलखाने आईच्या धाडसाला बुरुजाएवढी जागा दिली आहे.

आज आम्हांला ज्या घराविषयी सांगावयाचे आहे, त्या घराच्या मुळाशीही एक आई आहे. तिने कडा उतरला नाही; ती पाच मुलांना घेऊन एका घराचा उंबरा उतरली. तिचे नाव ताराबाई माने. तिच्या मुलांपैकी एक म्हणजे गायिका हिराबाई बडोदेकर. या घराची हकीकत नीट समजून घेतली, तर घराणे म्हणजे काय, जाहीर मैफल म्हणजे काय, आणि कलावंताला घर कितपत सोडते व घराला कलावंत कितपत सोडतो, या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

व्हिएन्नातील एक मुलगी

परंतु मिरजेला जाण्यापूर्वी थोडे युरोपात जाऊन येऊ. कारण हाच प्रश्न तेथे शंभर वर्षे आधी उभा राहिला होता.

व्हिएन्ना हे त्या काळी युरोपच्या संगीताचे माहेरघर. पूर्वी तेथील वादक राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात वाजवीत असत. ऐकणारा सरदार, वाजविणारा त्याचा आश्रित. पुढे तिकीट काढून कोणीही नागरिक ऐकावयास जाऊ शकेल अशा मैफली रूढ झाल्या, आणि पियानो हे त्या मैफलींचे प्रमुख वाद्य ठरले. आपल्याकडे गळ्याला जो मान, तो तेथे पियानोला. १८३७ च्या डिसेंबरात जर्मनीतील लाइप्झिग शहरातून क्लारा वीक नावाची अठरा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर व्हिएन्नाला आली. तिच्या मैफलींनी ते शहर इतके भारून गेले, की १८३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रियाच्या दरबाराने तिला राजवादक म्हणून किताब दिला.

आता या मुलीचे घर पाहा. तिची आई मारियान स्वतः गायिका आणि पियानोवादक. नवऱ्याशी पटेना म्हणून ती १८२४ साली घर सोडून माहेरी गेली. परंतु सॅक्सनी राज्याच्या कायद्याप्रमाणे मुले बापाची! क्लाराला पाचवे वर्ष पुरे झाले आणि तिला आईजवळून काढून बापाच्या स्वाधीन करण्यात आले. बापाने तिला शिकविले, कडक शिस्तीत वाढविले, गावोगाव वाजवीत नेले, आणि तिने आपल्या पसंतीने रॉबर्ट शूमान या संगीतकाराशी लग्न करावयाचे ठरविताच तो कोर्टात उभा राहिला. अखेर कोर्टाची परवानगी मिळाली आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी लग्न झाले. दुसऱ्याच दिवशी तिला एकविसावे वर्ष पूर्ण झाले. पुढे आठ मुले झाली, त्यातले एक तान्हेपणीच गेले. १८५४ साली नवऱ्याचे मन बिघडले, १८५६ साली वेड्यांच्या रुग्णालयात तो वारला. तेव्हापासून क्लारा शूमानने चार दशके मैफली आणि शिकवणी यांवर मुलांना आणि पुढे नातवंडांनाही पोसले. १८९६ साली ती वारली, तेव्हा आठांपैकी चार मुलांना तिने आपल्या डोळ्यांदेखत जाताना पाहिले होते.

ही गोष्ट आम्ही येथे एवढ्यासाठी सांगितली, की क्लाराची आई गेली ती एकटी. मुलगी बापाकडे राहिली. ताराबाई गेल्या त्या मुलांना घेऊन. या एका फरकाने पुढचे सारे चित्र पालटले.

बडोद्याहून मिरजेकडे

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेतील किराना या गावचा. गाणे आणि सारंगी यांची परंपरा त्यांच्या घरात पिढीजात. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात आले आणि राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्येला गाणे शिकवू लागले. ती कन्या म्हणजे ताराबाई. गुरुशिष्येचे मन जडले. सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई. एकोणिसावे शतक संपत आलेले. हे लग्न बडोद्यात कोणी मान्य करील, ही गोष्टच नव्हती. दोघांनी बडोदे सोडले.

पुढचा संसार मुंबई, मिरज, पुणे असा फिरता झाला. मिरज हे तेव्हाही वाद्यांचे गाव होते. पंढरपूरच्या बाजूचे मोठे भोपळे आणून त्यांचे तंबोरे बनविणारे कारागीर मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि तंबोऱ्याच्या सुरावर जीव टाकणाऱ्या खाँसाहेबांना ते गाव मानवले, यात नवल नाही. १९०५ च्या मे महिन्यात मिरजेसच हिराबाईंचा जन्म झाला. तेव्हाचे त्यांचे नाव चंपाकली. थोरले बंधू अब्दुल रहमान १९०२ चे. पाठोपाठ आणखी भावंडे झाली. १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी घरात राहत, तेथेच जेवत, तेथेच शिकत. एवढ्या मोठ्या खटल्याचा स्वयंपाक, हिशेब आणि शिस्त यांचा भार घरच्या बाईवर पडला नसेल, असे संसार केलेल्या कोणाही माणसाला वाटणार नाही. इतिहास मात्र विद्यालय काढणाराचे नाव लिहितो.

आता किराना घराण्याच्या गाण्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाही तर पुढचे कळणार नाही. घराणे म्हणजे केवळ रक्ताचे कुटुंब नव्हे. गाण्याकडे पाहण्याची एक ठरलेली दृष्टी आणि ती गुरूकडून शिष्याकडे देण्याची रीत, म्हणजे घराणे. कोणा घराण्यात लयीचा खेळ प्रधान, कोणात तानेचा जोर प्रधान. किराना घराण्यात सूर प्रधान. एक राग घ्यावयाचा आणि घाईने त्याचे सारे रूप एकदम दाखवावयाचे नाही. आधी षड्जाशी थांबावयाचे, मग त्याच्या शेजारचा सूर, मग त्याच्यापुढचा, असे एकेका सुराशी बोलत बोलत वर चढावयाचे. गड चढणारा माणूस जसा टप्प्याटप्प्यावर थांबून खालचा मुलूख पाहतो, तसे हे गाणे. यात सूर केसभर हलला तरी चालत नाही. म्हणून तंबोरा अचूक लागलाच पाहिजे. खाँसाहेबांचा गळा पुरुषाच्या मानाने उंच पट्टीत लागणारा आणि टोकदार गोड होता. त्यामुळे ही गायकी बायकांच्या गळ्यालाही सहज मानवणारी झाली.

उंबरा

पहिले महायुद्ध संपले त्या सुमारास, १९२० च्या आगेमागे, ताराबाईंनी पतीचे घर सोडले. नवराबायकोच्या मनात काय होते, त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यात शिरण्याचे कारणही नाही. पाच मुले त्यांच्याबरोबर निघाली, एवढे खरे. थोरला विशीच्या उंबरठ्यावर, धाकटी अजून लहान. हाताशी दरबार नाही, माहेर केव्हाच तुटलेले.

आणि येथे ताराबाईंनी एक गोष्ट केली, जिचा विचार करावा तितका थोडा. त्यांनी मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेश झाले. लोक त्यांना सुरेशबाबू माने म्हणू लागले. चंपाकलीचे हिराबाई झाले. गुलाबचे कमला, सकीनाचे सरस्वती. धाकटे बंधू कृष्णराव. आडनाव माहेरचे, माने. हिराबाई आणि कमलाबाई यांच्यापुढे बडोदेकर लागले. ज्या बडोद्याने ताराबाईंना बाहेर काढल्यासारखे केले, त्याच बडोद्याचे नाव मुलींनी देशभर नेले.

नावे का बदलली? आईचा राग, हे एक कारण कोणी सांगेल. परंतु आम्हांला वाटते, त्यापेक्षा व्यवहाराचा विचार त्यात अधिक असावा. मुलांना या मराठी समाजात, मराठी रंगभूमीवर, मराठी श्रोत्यांपुढे उभे राहावयाचे होते. दोन समाजांच्या मधोमध जन्मलेल्या मुलांना दोन्हीकडचे लोक प्रश्न विचारणार. त्या प्रश्नांची उत्तरे मुलांना रोज द्यावी लागू नयेत, म्हणून आईने ते एकदाच देऊन टाकले. त्याची किंमत मात्र होती. बापाचे नाव उच्चारावयाचे नाही, आणि गळ्यातून निघणारा प्रत्येक सूर बापाचा! नाव सोडता येते, सूर सोडता येत नाही.

सुरेशबाबू वडिलांपाशी शिकलेले होते. हिराबाईंच्या गाण्याचा पाया भावाच्या हाताखाली घातला गेला, आणि पुढे १९१८ ते १९२२ च्या दरम्यान त्यांना उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. हे वहीद खाँही किराना घराण्याचेच, विलंबित गायकीचे थोर आचार्य. त्यांची बहीण गफूरन ही अब्दुल करीम खाँ यांची पहिली पत्नी. म्हणजे ज्या बहिणीच्या संसारात ताराबाईंमुळे अंतर पडले, तिच्या भावाने ताराबाईंच्या मुलीला विद्या दिली. माणसांच्या घरात भिंती पडतात. विद्येच्या घरात कधी कधी त्याच भिंतीला दार सापडते.

तिकीट आणि बैठक

१९२१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयातील संगीत परिषदेत हिराबाई गायिल्या. वय अवघे सोळा. त्या दिवसाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळचा समाज डोळ्यापुढे आणावयास हवा. बाई गात नव्हती असे नाही. उत्तम गाणाऱ्या बाया होत्या आणि थोर उस्तादांकडून त्यांनी विद्या घेतली होती. परंतु त्यांचे गाणे धनिकाच्या दिवाणखान्यात, निमंत्रितांपुढे. गाणारीकडे ऐकणारा केवळ कानाने पाहत नसे. घरंदाज स्त्री ते ऐकावयास जात नसे आणि गाणारीला घरंदाज म्हणत नसत.

तिकिटाने यात काय फरक पडला? कोणी म्हणेल, तिकीट म्हणजे बाजार. आम्हांला उलटे वाटते. तिकिटाने गाणारी आणि ऐकणारा यांच्यात एक स्वच्छ अंतर निर्माण केले. आठ आणे देणाऱ्या माणसाने आठ आण्यांचे गाणे विकत घेतले, गाणारीवर हक्क विकत घेतला नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको येऊन बसू शकते, मुलगी बसू शकते. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत हिराबाईंचे नाव अग्रभागी येते. त्यांची बसण्याची रीतच पाहा. दोन्ही खांद्यांवरून नीट घेतलेला पदर, स्थिर बैठक, हातवारे नाहीत, चेहऱ्यावर अदाकारी नाही. सगळे लक्ष सुराकडे. ही साधी वाटणारी बैठक म्हणजे एका पिढीला दिलेले उत्तर होते. ती पाहून कित्येक मध्यमवर्गीय घरांतील आईबापांनी मुलीच्या हाती तंबोरा दिला.

‘जाहीर’ आणि ‘सार्वजनिक’ हे शब्द आज आपण सहज वापरतो. महाडच्या माणसाला तरी त्यांचे मोल सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावून डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहस्रावधी अनुयायांनी सार्वजनिक म्हणजे सर्वांचे, हा अर्थ सिद्ध केला. तो लढा फार मोठा, माणसाच्या माणूसपणाचा. त्याची तुलना आम्ही कशाशी करीत नाही. एवढेच म्हणतो, की त्याच दशकात या देशातली अनेक बंद दारे आतून-बाहेरून ढकलली जात होती आणि सभागृहाचे दार त्यांतले एक होते.

नाटक कंपनी

ताराबाई आणि सुरेशबाबू यांनी नूतन संगीत विद्यालय काढले होते. १९२९ साली त्याची नाट्यशाखा उभी राहिली. मराठी संगीत रंगभूमी तेव्हा बालगंधर्वांच्या वैभवात होती. स्त्रीची भूमिका पुरुषाने करावयाची हा नियम. केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या पूर्वी होऊन गेल्या होत्या. परंतु पुरुषाची भूमिका पुरुषाने आणि स्त्रीची स्त्रीने करावी, दोघांनी एका रंगमंचावर उभे राहावे, हे लोकांना पचनी पडणे कठीण होते. ते या भावंडांनी केले. १८८२ सालचे किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ त्यांनी घेतले, हिराबाई सुभद्रा झाल्या आणि धाकट्या बहिणीही रंगमंचावर आल्या. भाऊबहिणीच एकत्र काम करीत असल्यामुळे टीकाकाराच्या हातातले अर्धे शस्त्र गळून पडले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. घर हेच त्यांचे संरक्षण झाले. नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ साली आणले आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याची रीत स्थिर झाली असे आपण मानतो. त्याआधी चार वर्षे ही मंडळी त्या वाटेवर चालून गेली होती.

कंपनी मात्र फार काळ टिकली नाही. १९३१ साली बोलपट आला, १९३२ साली मराठी बोलपट आला, आणि मोठमोठ्या नाटकमंडळ्यांचे तंबू उठले. तोट्यात गेलेल्या या घराला पुढे सावरले ते मैफलींनी, तबकड्यांनी आणि आकाशवाणीने. हिराबाईंनी १९३७ च्या ‘प्रतिभा’ या बोलपटात कामही केले. पण त्यांचे खरे स्थान तंबोऱ्यांच्या मध्ये. तबकडीचे गणित मोठे कठीण असे. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. जी गायकी एका सुरावर पाच मिनिटे थांबावयास सांगते, तिने तीन मिनिटांत सारा राग मांडावयाचा! हिराबाईंनी ते साधले. फापटपसारा नाही, पण घाईही नाही. म्हणून त्यांचा आवाज, ज्यांनी कधी मैफल पाहिली नाही अशा गावांतील घराघरांत पोचला.

कोणाचे काय झाले

अब्दुल करीम खाँ १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वारले. मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता वाटेत बरे वाटेनासे झाले, म्हणून ते सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि फलाटावरच त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती दिली, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाणे होऊ लागले.

सुरेशबाबू १९५३ च्या फेब्रुवारीत गेले. पन्नाशीच त्यांची. ख्यातीच्या मागे न लागणारा, उत्तम पेटी वाजविणारा, आणि विद्या हातची राखून न ठेवणारा हा माणूस. माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे या त्यांच्या शिष्या. प्रभाताई २०२४ च्या जानेवारीपर्यंत आपल्यात होत्या. म्हणजे ताराबाईंनी ज्या मुलाला हाताशी धरून उंबरा ओलांडला, त्याची विद्या एकविसाव्या शतकात चांगली खोलवर आली. सरस्वतीबाई लग्नानंतर राणे झाल्या. १९४३ च्या ‘रामराज्य’ बोलपटातील त्यांनी गायिलेले वीणेचे गीत देशभर गाजले, आणि पुढे हिराबाई व सरस्वतीबाई या बहिणींची जुगलबंदी श्रोत्यांनी डोक्यावर घेतली. २००६ साली त्या वारल्या. हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० साली पद्मभूषण मिळाले. १९८९ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या.

आता मुळाकडे वळून हिशेब मांडू. क्लारा शूमानच्या गोष्टीत कायदा बापाच्या बाजूने उभा राहिला, आई दूर राहिली, आणि मुलीला कला मिळाली ती बापाच्या धाकात. हिराबाईंच्या गोष्टीत आई जवळ राहिली, बाप दूर गेला, आणि कला मिळाली ती भावाच्या मायेत. दोघींनीही तिकीट काढून आलेल्या अनोळखी माणसांपुढे बसून घर चालविले. दोघींच्याही आयुष्यात कला ही शोभेची वस्तू नव्हती. तीवर चूल पेटत होती. कलावंतीण म्हटली म्हणजे संसार विसरलेली बाई, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. या दोघींचे चरित्र ती खोटी ठरविते.

आणि घराणे? अब्दुल करीम खाँ यांच्या घराचे दोन तुकडे झाले, घराण्याचे झाले नाहीत. पुढे किराना गायकी उदंड वाढली. तिची एक धार खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडून वाहिली, दुसरी बापाचे नाव टाकलेल्या मुलांकडून. ऐकणाराला दोन्हींत एकच पाणी लागते.

हिरकणीच्या कथेत बुरूज बांधला जातो तो कडा उतरून गेल्यावर. जेथून कोणी उतरू शकले, ती वाट बंद करण्यासाठीच तो बांधला, असे म्हणतात. पण लोकांनी त्याला नाव दिले ते त्या आईचे. ताराबाईंच्या नावाचा बुरूज कोठे नाही. तथापि गावच्या उत्सवात एखादी मुलगी दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन तंबोऱ्यापुढे बसते, तिचे आईबाप पहिल्या रांगेत बसून ऐकतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, तेव्हा त्या आईने उतरलेला उंबरा आपल्या उपयोगी पडलेला असतो. हे आपण ओळखावे, एवढ्यासाठी हा लेख.